काळ्या वाळूचा किनारा

कृष्णाकाठच्या एका गावातील शाळेत, भूगोलाच्या वर्गाच्या कोपऱ्यात, एक जुने लाकडी कपाट आहे. त्याच्या वरच्या फळीवर काचेच्या बुटक्या कुप्या ओळीने मांडलेल्या आहेत आणि प्रत्येक कुपीत कोठली ना कोठली वाळू भरलेली आहे. राजस्थानची पिवळसर रेती आहे. ती लष्करात गेलेल्या एका विद्यार्थ्याने पाठविली. कोकणातील वाळू आहे. तिच्यात शिंपल्यांचा चुरा लकाकतो. कन्याकुमारीची तांबडी-काळी वाळू गुरुजींनी स्वतः आणलेली आहे. या रांगेतील शेवटची कुपी मात्र रिकामी होती. तिच्यावर चिठ्ठी चिकटविलेली होती आणि चिठ्ठीवर गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, 'ज्वालामुखीची काळी वाळू'.

गुरुजींनी एकतीस वर्षे त्या शाळेत भूगोल शिकविला. दर वर्षी ज्वालामुखीचा धडा आला की एखादा तरी मुलगा हात वर करून विचारीच, "गुरुजी, ही कुपी रिकामी का?" गुरुजी हसून म्हणत, "अजून आणावयाची आहे. आणीन एके दिवशी." विचारणारी मुले मोठी झाली, त्यांची मुलेही त्याच वर्गात येऊन बसली, गुरुजी निवृत्त झाले, कुपी तशीच राहिली.

पुढे गुरुजींचा मुलगा अमेरिकेत कॅलिफोर्नियात नोकरीस गेला. एका हिवाळ्यात त्याने वडिलांना आपल्याकडे बोलाविले आणि नाताळच्या सुटीत हवाई बेटांवर जाण्याचा बेत केला. ही बातमी कळताच गुरुजी प्रथम कोठे गेले असतील, तर शाळेत. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्यांनी ती कुपी काढली, रुमालात गुंडाळली आणि सामानात कपड्यांच्या घडीत जपून ठेवली. "रिकामी कुपी कशाला नेता?" असे सूनबाईंनी विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "देणे आहे माझे."

हवाई बेटे म्हणजे प्रशांत महासागराच्या ऐन मध्यावर उगवलेले पर्वत. कॅलिफोर्नियाहून निघालेले विमान सुमारे पाच तास केवळ पाण्यावरूनच उडत राहते. ही बेटे कोणत्याही खंडाचा तुटलेला तुकडा नव्हेत. समुद्राच्या तळातून वर येणारा शिलारस थरावर थर साचत गेला आणि त्यांतूनच ती घडली. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटावरचा मौना लोआ हा ज्वालामुखी समुद्रसपाटीपासून 4169 मीटर उंच आहे. पण त्याची उंची समुद्राच्या तळापासून मोजली, तर ती नऊ किलोमीटरांहूनही अधिक भरते.

"आजोबा, मग ही बेटे एका रांगेतच का आहेत?" मोटारीत बसल्या बसल्या नातीने नकाशा पाहून विचारले. ती अकरा वर्षांची होती आणि आजोबांनी शिकविलेले असावे तसे अचूक प्रश्न विचारी.

गुरुजींना तर असा प्रश्न म्हणजे मेजवानीच. ते म्हणाले, "असे समज, की चूल एका जागी पेटलेली आहे आणि तिच्यावरून एक लांब कागद कोणी हळूहळू सरकवीत नेतो आहे. मग काय होईल? कागदावर एकापुढे एक करपल्याचे डाग उमटत जातील. चूल खाली, पृथ्वीच्या पोटात, तेथेच आहे. समुद्राचा तळ तिच्यावरून वायव्येकडे सरकतो आहे, वर्षाला काही सेंटिमीटर. जे बेट चुलीवरून पुढे गेले ते विझले. आपण आज ज्या बेटावर आहोत, त्याच्याखाली ती चूल अजून पेटलेली आहे."

हे अगदी खरे होते. याच बेटावरच्या किलाउएआ या ज्वालामुखीने 1983 पासून 2018 पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, जवळजवळ अखंड शिलारस ओकला. त्याच्या भोवतीच्या राष्ट्रीय उद्यानातून निघून नैर्ऋत्येकडे मोटारीने अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर काऊ नावाचा प्रदेश लागतो. कॉफीचे मळे आणि मकाडामिया नावाच्या टणक फळांच्या बागा मागे पडतात, रस्ता उतरणीला लागतो आणि नारळीच्या झावळ्यांमधून एकाएकी किनारा दिसतो. तोच पुनालूऊचा किनारा.

प्रथमदर्शनी डोळ्यांचा विश्वासच बसत नाही. निळे पाणी, पांढरा फेस, हिरव्या झावळ्या हे सारे कोकणासारखेच. परंतु या साऱ्यांच्या मध्ये जी वाळू पसरलेली आहे ती शाईसारखी काळी. लाट आली की ती ओली होऊन चकाकते. लाट मागे गेली की फेसाची रेघ तिच्यावर खडूने ओढल्यासारखी क्षणभर राहते. गुरुजी वाटेतच थांबले. एकतीस वर्षे ते फळ्यावर खडूने समुद्रकिनारे काढीत आले होते. आता समोर जो किनारा होता तो त्यांच्या फळ्यासारखाच दिसत होता.

वाटेवर एक पाटी होती. गुरुजींनी ती सवयीप्रमाणे पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. कासवांपासून निदान दहा फूट दूर राहावे, त्यांना स्पर्श करू नये, खाऊ घालू नये. आणि या किनाऱ्यावरची वाळू कोणीही नेऊ नये, ती नेणे हा कायद्याने गुन्हा आहे, असे त्या पाटीवर लिहिले होते. शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा वाचले. मग काही न बोलता ते पुढे चालू लागले.

नातीचे लक्ष मात्र वाळूकडे नव्हते. "आजोबा, ते पाहा!" तिने दाखविले, तेथे काठाजवळ काळे गुळगुळीत धोंडे पडलेले दिसत होते. त्यांतील एका धोंड्याने डोळे उघडले, मान किंचित वर केली, एक दीर्घ उसासा टाकला आणि पुन्हा मान वाळूवर ठेवली.

ती हिरवी समुद्रकासवे होती. त्यांना तेथील लोक होनू म्हणतात. नाव हिरवे असले, तरी त्यांची पाठ काही हिरवी नसते. ती तपकिरी-काळसर असते. हिरवी असते ती कवचाखालची चरबी, कारण मोठे झालेले कासव मुख्यतः समुद्रातील शेवाळ व गवत खाऊनच राहते. पूर्ण वाढलेल्या कासवाची पाठ सुमारे मीटरभर लांब आणि वजन शंभर किलोंहून अधिक असते. एवढा अवजड प्राणी पाण्यात मात्र पाखरासारखा विहरतो. जमिनीवर त्याचे हाल होतात. वल्ह्यासारखे पाय वाळूत रोवून तो इंच इंच पुढे सरकतो आणि चार पावलांवर थांबून धापा टाकतो.

मग इतके कष्ट करून ही कासवे किनाऱ्यावर येतात कशाला? अंडी घालण्यासाठी माद्यांना यावेच लागते, ते जगभर आहे. पण नुसते ऊन खात पडण्यासाठी किनाऱ्यावर येणारी समुद्रकासवे जगात फारच थोड्या ठिकाणी आढळतात. हवाई हे त्यांपैकी एक. थंड पाण्यात फिरून आल्यावर उन्हाने अंग शेकले जाते, खाल्लेले पचते, आणि शार्कच्या तावडीतून घटकाभर सुटकाही होते. काळी वाळू ऊन फार लवकर शोषून घेते. दुपारी तिच्यावर अनवाणी उभे राहणे माणसाला कठीण जाते. कासवाला तीच ऊब हवी असते.

कासवांच्या भोवती दगडांची एक ओळ मांडलेली होती. तिच्याजवळ गवती टोपी घातलेली एक वृद्ध स्थानिक बाई उभी होती. आलेल्या माणसांना ती हसतमुखाने ओळीच्या अलीकडे राहावयास सांगे आणि कोणी विचारले तर माहितीही देई. नातीने तिला प्रश्नांवर प्रश्न विचारले. ही कासवे अंडी कोठे घालतात? येथे नव्हे, बाईने सांगितले. येथून सुमारे बाराशे किलोमीटर दूर, लालो नावाच्या एका प्रवाळद्वीपावरील सपाट वाळूच्या बेटांवर. हवाईतील बहुतेक सर्व होनू माद्या तेथेच जातात. जेथे आपण अंड्यातून बाहेर पडलो, त्याच प्रदेशात त्या पोहत जातात आणि अंडी घालून पुन्हा आपल्या चरण्याच्या जागी परततात. आणि कासव अंडी घालण्याजोगे मोठे होण्यास पंचवीस-तीस वर्षे तरी लागतात.

पंचवीस-तीस वर्षे! म्हणजे आज कोणी एक मोठी मादी मारली, तर तिची जागा घेणारी दुसरी तयार होईपर्यंत माणसाची अर्धी हयात निघून जाते. एके काळी असेच झाले. कासवांचे मांस खाणावळींत विकले जाऊ लागले आणि त्यांची संख्या झपाट्याने घटली. 1973 साली जॉर्ज बलाझ हे संशोधक लालोच्या ईस्ट आयलंड नावाच्या चिमुकल्या बेटावर जाऊन राहिले आणि रात्री वर येणाऱ्या माद्या त्यांनी मोजल्या. त्या हंगामात त्या बेटावर त्यांना अवघ्या 67 माद्या आढळल्या. पुढे कायदा झाला. 1978 पासून अमेरिकेच्या संघराज्याने होनूला संरक्षण दिले. तेव्हापासून त्यांची संख्या अनेक पटींनी वाढली आहे. 2025 साली जागतिक निसर्ग संरक्षण संघाने जगभरातील हिरव्या कासवांचा विचार करून त्यांना संकटग्रस्त प्राण्यांच्या वर्गातून बाहेर काढले. हवाईतील कायदा मात्र कायम आहे, आणि ते योग्यच म्हटले पाहिजे. कारण ज्या ईस्ट आयलंडवर ती मोजणी झाली, ते बेट 2018 च्या ऑक्टोबरात वालाका नावाच्या चक्रीवादळाने जवळजवळ धुऊन नेले. कासवे उरली, तरी त्यांना अंडी घालण्यास वाळू उरली पाहिजे.

पुनालूऊवर रात्री कधी कधी दुसरीही एक पाहुणी येते. ससाण्यासारख्या बाकदार चोचीची ही हॉक्सबिल कासवाची मादी याच काळ्या वाळूत खड्डा करून अंडी घालते. हवाईत ही कासवे फार थोडी उरलेली आहेत. पायाखालची वाळू केवळ वाळू नसून कोणाचे तरी घर असू शकते, हे तेथे विसरून चालत नाही.

नात कासवांजवळ रमली. मुलगा व सूनबाई नारळीच्या सावलीत बसली. गुरुजी एकटेच किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडे गेले आणि गुडघे टेकून त्यांनी वाळूची मूठ भरली.

कण चांगलेच जाड होते. काही काचेसारखे चकचकीत, काही खडबडीत, काही लाटांनी घासून मण्यांसारखे गोल केलेले. त्यांची कथा गुरुजींना पाठ होती. अकराशे अंशांपर्यंत तापलेला शिलारस डोंगरावरून वाहत येऊन समुद्रात शिरतो. पाण्याची एका क्षणात वाफ होते, वाफेचा स्फोट होतो आणि तो तांबडालाल रस शतशः तुकड्यांनी उधळला जातो. स्फटिक बनण्यास अवधीच न मिळाल्यामुळे कित्येक तुकडे काचेसारखे थिजतात. मग लाटा त्यांना घासू लागतात. नदीने आणलेली वाळू डोंगर झिजत असेपर्यंत येतच राहते. या वाळूचे तसे नाही. शिलारसाचा ओघ थांबला की नवी वाळू यावयाची थांबते. जी आहे तीच शिल्लक, आणि तिच्यातीलही थोडी थोडी समुद्र रोज खोल पाण्यात ओढून नेत असतो.

गुरुजींनी ती वाळू तळहातावर पसरली आणि त्यांना आपले गाव आठवले. हा दगड परका नव्हता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर असाच शिलारस थरांवर थर पसरत गेला होता. सह्याद्रीचे कडे, रायगड-राजगडाचे कातळ, अजिंठा-वेरूळची लेणी ज्यांत कोरली तो पाषाण, कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या, सारे त्याच जातीच्या काळ्या दगडाचे. मात्र दख्खनचा तो अग्नी विझून युगे लोटली. येथला दगड कालचा होता. एकतीस वर्षे जे पुस्तकातून शिकविले ते आज तळहातावर होते.

त्यांनी इकडे तिकडे पाहिले. कोणीही नव्हते. खिशातील रुमाल सोडून त्यांनी कुपी काढली, ती त्या वाळूने भरली, बूच घट्ट बसविले आणि ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

पाटी त्यांनी वाचली नव्हती काय? वाचली होती, दोनदा वाचली होती. परंतु शिकलेल्या माणसाला आपल्या मनाची समजूत घालणेही चांगले साधते. गुरुजी स्वतःशी म्हणू लागले : हा नियम, जे पिशव्या भरभरून वाळू नेतात त्यांच्यासाठी आहे. मी नेतो आहे ती मूठभर. तीही माझ्यासाठी नव्हे, शाळेतील मुलांसाठी. आणि निसर्ग तरी या वाळूची कोठे पर्वा करतो? याच बेटावर कालापानाजवळ काइमू नावाचा काळ्या वाळूचा किनारा होता. सारे जग तो पाहावयास येई. 1990 साली किलाउएआचा शिलारस आला आणि तो किनारा, ती नारळीची राई, ते गाव, सर्व काही त्याने गाडून टाकले. 1868 साली मोठा भूकंप होऊन समुद्राची लाट याच पुनालूऊवर चढून आली आणि येथील घरे वाहून गेली. 1975 साली पुन्हा तसेच झाले. जेथे किनारेच्या किनारे येतात आणि जातात, तेथे एका कुपीने काय बिघडणार?

युक्तिवाद बिनतोड होता. तरीही परतताना गुरुजी रोजच्यापेक्षा हळू चालत होते.

तेवढ्यात नात धावत आली आणि त्यांना हाताला धरून किनाऱ्याच्या मागच्या गोड्या पाण्याच्या तळ्याकडे घेऊन गेली. तिला त्या वृद्ध बाईने एक गोष्ट सांगितली होती. पुनालूऊ या नावाचा अर्थच मुळी 'बुडी मारून गाठावयाचा झरा' असा आहे. वर डोंगरात पडलेला पाऊस त्या सच्छिद्र दगडांत मुरतो, जमिनीखालून वाहत येतो आणि येथे थेट समुद्राच्या तळाशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. पूर्वी अवर्षण पडले म्हणजे तेथील लोक भोपळ्याचे तुंबे घेऊन समुद्रात बुडी मारीत, झऱ्याच्या मुखाशी तुंबा उघडून गोडे पाणी भरून घेत आणि तोंड दाबून वर येत. "आणि आजोबा, या झऱ्याची राखण काउइला नावाची कासवी करते. ती मधूनच मुलगी होते, किनाऱ्यावर मुलांबरोबर खेळते आणि त्यांना समुद्रापासून सांभाळते!"

"आणि आता तू तिला सांभाळतेस वाटते?" गुरुजी म्हणाले.

"हो तर!" नातीने अगदी गंभीरपणे उत्तर दिले.

ती दोघे कासवांपाशी परत आली, तेव्हा वृद्ध बाई काही कामासाठी रस्त्याकडे गेली होती. एक उंचापुरा प्रवासी आपल्या लहान मुलाला कडेवर घेऊन दगडांच्या ओळीपलीकडे गेला होता. मुलाला कासवाच्या अगदी पाठीशी उभे करून त्याला छायाचित्र घ्यावयाचे होते. कासवाने मान आत ओढली आणि पुढचे पाय वाळूत रोवून ते जड अंगाने वळू लागले. आजूबाजूला पाच-सात माणसे होती; कोणी काही बोलले नाही.

नात मात्र ओळीपाशी जाऊन उभी राहिली. तिचा आवाज थोडा कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. कृपा करून बाहेर या, कासव घाबरले आहे, दहा फूट दूर राहावे असे पाटीवर लिहिले आहे, असे तिने त्याला इंग्रजीत सांगितले. तो प्रवासी हसला. "अगं, एकच छायाचित्र घेतो," तो म्हणाला. "एवढ्याने काय बिघडते?"

"तुमच्यानंतर येणारे सगळेही असेच म्हणतील," नात म्हणाली.

त्या माणसाचा चेहरा किंचित उतरला. त्याने मुलाला उचलले आणि तो ओळीच्या अलीकडे आला. जाताना नातीला 'चुकलेच माझे' असेही म्हणाला. कासव थोडा वेळ तसेच थांबले, मग त्याने मान पुन्हा वाळूवर टेकली.

"आजोबा, मी बरोबर केले ना?" नातीने विचारले. तिला शाबासकी हवी होती, आणि तिचा तो हक्कच होता.

गुरुजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पण तोंडातून शब्द फुटेना. एवढ्याने काय बिघडते? हेच शब्द थोड्या वेळापूर्वी त्यांच्या मनात होते. फरक इतकाच, की त्या प्रवाशाने ते मोठ्याने उच्चारले. खिशातील कुपी, जिचे वजन पावशेरही नसेल, ती त्यांना एखाद्या धोंड्यासारखी जाणवू लागली.

"बरोबर केलेस, बाळ," अखेर ते म्हणाले. "थांब. मी आलोच."

ते पुन्हा किनाऱ्याच्या त्या टोकाला गेले. जेथून वाळू घेतली होती ती जागा त्यांना सापडली; त्यांच्या गुडघ्यांच्या खुणा अजून तेथे होत्या. त्यांनी बूच काढले आणि कुपी उपडी केली. ओली वाळू काचेला चिकटून राहिली होती. ते पाण्यापाशी वाकले, लाटेचे पाणी कुपीत घेऊन त्यांनी ती हलविली आणि ओतली. पुन्हा घेतली, पुन्हा ओतली. तीन-चारदा विसळल्यावर काच स्वच्छ झाली. मग त्यांनी वहाणा काढून त्यांतील वाळूही झटकली.

मागे वळून पाहतात तो नात उभी. ती त्यांच्या मागोमाग आली होती.

"ही तर शाळेतली कुपी," ती म्हणाली. "तुम्ही वाळू भरली होती?"

गुरुजींना सहज सांगता आले असते, की नुसते पाहत होतो. ते म्हणाले, "हो. पाटी वाचूनही भरली होती."

नात क्षणभर गप्प राहिली. तिने कुपी हातात घेऊन उन्हाकडे धरली, तिच्यावरची चिठ्ठी ओली झाली होती ती बोटाने नीट दाबली आणि विचारले, "मग आता शाळेतल्या मुलांना काय सांगणार?"

"तेच तर मलाही कळत नाही," गुरुजी म्हणाले.

परतताना ती वृद्ध बाई पुन्हा आपल्या जागी उभी होती. गुरुजींनी तिला नमस्कार केला आणि वाळू नेणाऱ्यांविषयी विचारले. ती हसली. राष्ट्रीय उद्यानाकडे टपालाने दगड परत येतात, तिने सांगितले. दगड नेले की ज्वालामुखीची देवता पेले कोपते आणि घरावर संकटे येतात, अशी प्रवाशांमध्ये समजूत आहे, म्हणून घाबरून ते पाठवितात. ही समजूत काही तेथील लोकांची जुनी परंपरा नव्हे. ती मागाहून पसरलेली आहे. आणि असे परत आलेले दगड मूळ जागी ठेवताही येत नाहीत, कारण ते नेमके कोठून उचलले हे कोणालाच ठाऊक नसते.

इतक्यात मघाचे ते कासव हलले. पुढचे पाय टाकीत, थांबत, उसासत ते पाण्याकडे निघाले. सारी माणसे आपोआप बाजूला झाली. पहिली लाट त्याच्या तोंडाला लागली, दुसरीने त्याला अर्धे उचलले आणि तिसरीबरोबर तो अवजड जीव एकाएकी हलका झाला. पाण्याखाली एक काळी सावली झरकन वळली आणि दिसेनाशी झाली. नातीने हात हलवून तिला निरोप दिला.

जून महिन्यात शाळा उघडल्यावर गुरुजी ती कुपी घेऊन वर्गात गेले. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि मुलांना सारे सांगितले : पेटलेली चूल, काळा किनारा, ऊन खाणारी कासवे आणि आपण भरलेली व रिकामी केलेली कुपी. काहीही वगळले नाही. मुले बराच वेळ त्या रिकाम्या कुपीकडे पाहत होती. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, की आपल्या नदीतही बारीक काळी वाळू असते, तीही त्याच जातीच्या दगडाची का?

गुरुजींनी त्याला उत्तर दिले नाही. कपाटातून त्यांनी एक लोहचुंबक काढून त्याच्या हाती दिला आणि दुपारी सर्वांना कृष्णेच्या पात्रात नेले. चुंबक वाळूतून फिरविताच त्याला काळ्या कणांची मिशी फुटली. शिलारसातून आलेल्या दगडात लोहाचे खनिज असते, तेच ते कण. मुलांनी ते कागदावर झटकून गोळा केले.

आता त्या फळीवर एक कुपी वाढली आहे. तिच्यावर मुलाच्या अक्षरात 'कृष्णेची काळी वाळू' असे लिहिलेले आहे. तिच्या शेजारची कुपी रिकामीच आहे आणि चिठ्ठीही तीच आहे; समुद्राच्या पाण्याने तिची शाई तेवढी थोडी फुटलेली दिसते.